रब्बीचं गवत

गेरिंग, नेब्रास्का
२० ऑक्टोबर

ती. आबा आणि ती. सौ. आईस,
साष्टांग नमस्कार.

परवा फोन मध्येच कट झाला आणि आबांचा प्रश्न तसाच राहिला: "गवत नको असेल तर काडी लावून मोकळे का होत नाही?" फोनवर मावेल असं त्याचं उत्तर नाही, म्हणून हे पत्र.

गावाशेजारी स्कॉट्स ब्लफ नावाचा मोठा कडा आहे. दीडशे-पावणेदोनशे वर्षांपूर्वी ओरेगनकडे निघालेल्या लोकांच्या गाड्या त्याच्याच बाजूने गेल्या. पायथ्याला माळ. नान्नजच्या माळासारखाच, झाड क्वचित, वारा अखंड. वेस्टर्न व्हीटग्रास, ब्लू ग्रामा ही इथली मूळची गवतं बारमाही. वरचं वाळलं तरी मुळं जिवंत राहतात. त्यांच्यात चीटग्रास आणि जपानी ब्रोम ही दोन परकी गवतं घुसली आहेत. दोन्ही एकाच जातकुळीची, म्हणून पुढे दोघांना मिळून नुसतं ब्रोम म्हणते. एकोणिसाव्या शतकात युरोप-आशियातून आलेल्या बियाण्याच्या भेसळीतून आणि पेंढ्यातून चीटग्रास या देशात पसरलं. आपल्याकडचं गाजरगवतही परक्या धान्याबरोबरच आलं म्हणतात ना, तसंच.

आबा, तुम्हाला एका शब्दात कळेल: हे गवत रब्बीचं आहे. आपली शाळू पेरतो त्याच सुमाराला ते उगवतं, इवलंसं रोप बर्फाखाली हिवाळा काढतं, आणि बर्फ वितळला की मूळचं गवत वाढीला लागायच्या आत जमिनीतली ओल पिऊन टाकतं. जूनमध्ये बी टाकून मरतं. त्या बियांना कुसळं असतात. गेल्या उन्हाळ्यात रोज संध्याकाळी पायमोजे मांडीवर घेऊन बसायचे, तेव्हा आई, तू माझ्या परकराच्या घेरातली कुसळं वेचायचीस ते आठवायचं. वाळलं की गुरंही त्याला तोंड लावत नाहीत. कुसळं तोंडात, डोळ्यांत रुततात.

आता काडी. ती इथेही लावतात. या माळाला आग नवी नाही, मूळचं गवत जळाल्यावर मुळातून पुन्हा फुटतं. आगीत वाळक्या गवताचा थर जातो, त्यातलं बरंचसं बी जातं, आणि तो थर ओल धरून ब्रोमच्या उगवणीला मदत करतो, तेही थांबतं. पण काही बी उरतंच. उरलेल्या रोपाशी ओलीसाठी भांडायला कोणी नसतं, मग ते चांगलं फोफावतं. त्या वर्षी पाऊस धो-धो झाला तर एक-दोन वर्षांत पहिल्यासारखं. पश्चिमेला नेव्हाडाकडे तर आगच त्याचा फायदा करून देते: ते लवकर वाळतं, लवकर पेटतं, झुडपं जळून जातात आणि मोकळ्या जागेत तेच उगवतं.

दुसरा उपाय तणनाशकाचा. इंडाझिफ्लॅम नावाचं औषध जमिनीच्या वरच्या पातळ थरात राहतं आणि उगवणारं रोप मारतं. खोल मुळांच्या जुन्या गवताला सहसा धक्का लागत नाही. ब्रोमचं बहुतेक बी जमिनीत फार वर्षं टिकत नाही, त्यामुळे लागोपाठ दोन-तीन हंगाम उगवण रोखली तर पेव रिकामं होतं. पण मूळच्या रानफुलांचं बीही त्याच मातीत उगवायची वाट बघत असतं. हे मला खटकतं, आणि मी ते इथे बोलूनही दाखवते.

म्हणून एकच उपाय डोळे झाकून कोणी करत नाही. स्कॉट्स ब्लफ, बॅडलँड्स, फोर्ट लॅरमी अशा उद्यानांनी मिळून हिशेब मांडला आहे. जाळायचं की फवारायचं हे ठरवण्याआधी, काय होईल याचा अंदाज लिहून ठेवायचा. थोडी जागा मुद्दाम तशीच सोडायची. मग ५० मीटरचा टेप ताणून दर अर्ध्या मीटरवर सळई टेकवायची आणि तिला कोणतं गवत लागलं ते लिहायचं. अंदाज चुकला तर पुढच्या वर्षीचा निर्णय बदलायचा. एकट्या उद्यानाला जे शिकायला वीस वर्षं लागतील, ते सगळ्यांच्या नोंदी एकत्र केल्या की लवकर कळतं.

पहिल्या वसंतात कोवळं व्हीटग्रास मी ब्रोम म्हणून लिहिलं होतं. चूक कळली तेव्हा अख्खी ओळ पुन्हा मोजली, दिवस मावळेपर्यंत. ब्रोमचं पान लवदार असतं, व्हीटग्रासचं निळसर आणि खरखरीत. आता डोळे मिटूनही बोटांना कळतं.

आबा, तुम्ही कालनिर्णयवर पाऊस लिहिता, ती पानं टाकू नका. आणि येत्या वैशाखात ओढ्याकडचा बांध पेटवाल तेव्हा अर्धाच पेटवा. काय उगवेल असं वाटतं ते आधी त्याच तारखेच्या चौकटीत लिहा. मृग बरसून पंधरा दिवस झाले की दोन्ही बाजूंचे फोटो मला पाठवा.

आई, शेंगाची चटणी संपली.

तुमची,
सुमी