ज्यांना घामच येत नाही

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

पारा चढायला लागला की आपल्या दैनिकात उष्माघाताची चौकट येते. भरपूर पाणी प्या, डोक्याला दुपट्टा बांधा, दुपारी बाहेर पडू नका. सूचना योग्यच आहेत, पण त्या घाम येणाऱ्यांसाठी आहेत. माझ्या मुलाला जन्मापासून घाम येत नाही. त्याच्या कातडीत घामाच्या ग्रंथी जवळजवळ नाहीतच. हायपोहायड्रॉटिक एक्टोडर्मल डिस्प्लेशिया असं या आजाराचं लांबलचक नाव. आजार दुर्मिळ आहे, पण ओळखायला तितकासा अवघड नाही, म्हणून हे पत्र.

तान्हा असताना त्याला मार्च लागला की ताप यायचा. रक्त-लघवीत काही सापडायचं नाही, तरी अँटिबायोटिक सुरू व्हायचं. पॅरासिटामॉलने ताप हलायचा नाही, आणि हलणार तरी कसा? जंतुसंसर्गात मेंदूच अंगाचं तापमान वर चढवतो, ते औषध तिथे काम करतं. इथे मेंदू ठीक आहे, अंगातल्या उष्णतेला बाहेर पडायला वाट नाही. ओल्या पंच्याने अंग पुसून कूलरपुढे धरलं की ताप उतरायचा. घरात हे रोज दिसत होतं, दवाखान्यात मात्र कुणी विचारलं नाही.

निदान झालं ते दातांमुळे. दीड वर्षाचा झाला तरी एक दात नाही. ‘येतात काहींना उशिरा’, असं सगळेच म्हणाले. मग आले ते दोनच, सुळ्यासारखे टोकदार. दंतवैद्यांनी एक्स-रे काढला तर हिरड्यांत बाकीच्या दातांचे कोंबच नव्हते. त्यांनीच त्याचे विरळ, पिंगट केस पाहिले आणि विचारलं, “याला घाम येतो का हो?” पुढे त्वचारोगतज्ज्ञ, जनुकीय तपासणी हे ओघानेच आलं. दोष एक्स गुणसूत्रावरच्या ईडीए जनुकात निघाला, आणि तो माझ्याकडून आलेला.

माझीही चाचणी झाली. पाठीला आयोडीन लावून वाळू दिलं, वर मक्याचा स्टार्च भुरभुरला आणि गरम खोलीत बसवलं. घाम आला तिथे काळंनिळं झालं, नाही आला तिथे तसंच राहिलं. फोटोत पाहिलं तर पाठभर इंग्रजी व्ही अक्षरासारखे पट्टे. बाईच्या प्रत्येक पेशीत दोनपैकी एकच एक्स काम करतो. कुठे चांगला, कुठे सदोष, त्याचे हे पट्टे. माझे वरचे दोन दात कधी आलेच नाहीत, त्याचाही उलगडा झाला. (ग्रहणात भाजी चिरली होती का, हे मला त्याआधी विचारून झालं होतं.) डार्विनने १८७५ मध्ये सिंधमधल्या एका हिंदू कुटुंबाची नोंद केली आहे. चार पिढ्यांतल्या दहा पुरुषांना मोजकेच दात, अंगावर केस अगदी कमी, उन्हाळ्यात हाल. मुली मात्र सुटलेल्या.

जर्मनीत एर्लांगेन इथे गर्भजलात औषध टोचून जन्मलेल्या बाळांना घाम येऊ लागल्याचं २०१८ मध्ये प्रसिद्ध झालं. पुढच्या चाचण्याही हाती घेतल्या गेल्या. पण हे गर्भातच, ग्रंथी घडत असताना करावं लागतं. माझ्या मुलाला त्याचा उपयोग नाही.

त्याचा उपचार म्हणजे ओला बनियन आणि फवारणीची बाटली. आमच्या अकोल्याचं कोरडं ऊन त्यापुरतं बरं, बनियन वाळता वाळता अंग थंड करतो. मुंबईला नणंदेकडे गेलो की दमट हवेत कपडा वाळत नाही आणि पोरगं तापतं. चौथ्या वर्षी कवळी बसवली. जबडा वाढेल तशी बदलावी लागते. कवळी आल्यापासून भाकरी खातो आणि ‘स’ स्पष्ट म्हणतो. नाकात खपल्या धरतात, डोळे कोरडे पडतात, त्यासाठी थेंब. बुद्धीला काही झालेलं नाही, हे मुद्दाम सांगावं लागतं.

खरी अडचण शाळेत आहे. विदर्भात शाळा जूनच्या शेवटी उघडतात, तेव्हाही वर्ग भट्टीच असतो. ओला शर्ट घालून वर्गात बसायचं नाही, असं एका शाळेने आम्हाला सांगितलं. डॉक्टरांचं पत्र दाखवलं तर म्हणाले, मग इतर मुलंही भिजवून घेतील. घेईनात का बापडी!

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक अंगणवाडीत येऊन मुलांचे दात आणि त्वचा तपासतंच. दात नसलेलं किंवा टोकदार दातांचं मूल दिसलं, तर त्याला घाम येतो का आणि उन्हाळ्यात कारण नसताना ताप येतो का, एवढं त्यांनी आईला विचारावं. आणि आपल्या चौकटीत या वर्षी एक ओळ वाढवा: घाम न येणाऱ्या मुलाला नुसतं पाणी पाजून भागत नाही, त्याला भिजवा.

– एक आई, अकोला