कवच आर्माडिलोचे आणि गिरणेतील डायाटमचे

महोदय,

आपल्या पुरवणीतील आर्माडिलो या कवचधारी सस्तन प्राण्याविषयीचा लेख आवडला. मात्र असा कवचधारी जीव पाहायचा तर थेट अमेरिका खंडच गाठावा लागतो, असा विद्यार्थ्यांचा समज होऊ नये, म्हणून हे पत्र लिहीत आहे.

आपल्या गिरणा नदीचे पाणी ओसरल्यावर पात्रातील दगडांवर जो तपकिरी, बुळबुळीत थर हाताला लागतो आणि ज्याला आपण सरसकट शेवाळ म्हणतो, त्यात डायाटम ही एकपेशीय शैवाले असंख्य असतात. आर्माडिलोचे कवच हाडांच्या चकत्यांचे व त्यांवरील केराटिनच्या, म्हणजे आपली नखे ज्याची असतात त्या द्रव्याच्या, थराचे असते. डायाटमचे कवच सिलिकाचे, म्हणजे जवळजवळ काचेचेच असून, त्याचे दोन भाग करंड्यावर झाकण बसावे तसे एकमेकांत बसतात. ही सिलिका खडक झिजून पाण्यात उतरते, आणि आपल्याकडे तर काळ्या बसाल्टला तोटा नाही.

खरा विस्मय पुनरुत्पादनात आहे. नऊ पट्ट्यांच्या आर्माडिलोच्या मादीला एकाच फलित अंड्यापासून बहुधा चार पिले होतात. ती जनुकीयदृष्ट्या एकसारखी, सगळी नर किंवा सगळी मादी. डायाटमही विभाजनाने आपल्याच प्रती काढतो, पण प्रत्येक नव्या पेशीला जुन्या कवचाचा एकच भाग मिळतो व दुसरा तिला त्याच्या आत बसेल असा घडवावा लागतो. त्यामुळे तळाचा भाग वाट्याला आलेली पेशी मूळ पेशीहून किंचित लहान राहते. असे आकुंचन पिढ्यान्‌पिढ्या चालते. अखेर अतिलहान पेशी जुने कवच टाकून लैंगिक प्रजनन करतात आणि जातीचा मूळ आकार परत मिळवतात. शाळेत हे का शिकवत नाहीत, याची मला खंत वाटते.

डायाटमची दुसरी बाजू आपल्या पिण्याच्या पाण्याशी निगडित आहे. बाटलीत भरलेला नमुना त्या घटकेचे पाणी सांगतो, तर दगडावरील डायाटमच्या जाती मागील काही आठवड्यांचे सांगतात. निट्झिया पेलिया ही जात सेंद्रिय प्रदूषणातही तग धरते. युरोपीय संघाच्या 2000 सालच्या जलधोरणानुसार नद्यांची स्थिती ठरवताना दगडांवरील शैवालेही तपासली जातात. जळगाव, धुळे व नंदुरबार जिल्ह्यांतील महाविद्यालयांच्या वनस्पतिशास्त्र विभागांनी तापी, गिरणा व पांझरेच्या दगडांवरील डायाटमची दरवर्षी नोंद ठेवावी आणि आपण ती पुरवणीत छापावी, ही विनंती.

आपला,
एक वाचक, भडगाव (जि. जळगाव)