कंबरदुखी आणि मणक्याचा झटका

महोदय,

कंबरेत उसण भरली की पायाळू माणसाकडून पाठीला लाथ लावून घेण्याची पद्धत आपल्याकडे जुनीच आहे. तिची जागा आता कायरोप्रॅक्टरच्या, म्हणजे हातांनी मणक्याला झटका देऊन उपचार करणाऱ्याच्या, टेबलाने घेतलेली दिसते. मोबाइलवरच्या चित्रफितींत रुग्णाला कुशीवर झोपवून, वरचा गुडघा पोटाकडे दुमडून कंबरेला झटका दिला जातो, ‘कट्’ असा आवाज येतो आणि सरकलेला मणका जागेवर बसल्याचे सांगितले जाते. वास्तविक हा आवाज सांध्यातील द्रवात वायूची पोकळी निर्माण झाल्याचा असतो, बोटे मोडताना येतो तसाच.

पण तेवढ्यावरून हा उपचार थोतांड ठरत नाही. १८९५ साली अमेरिकेतील डॅव्हनपोर्ट येथे डी. डी. पामर यांनी ही पद्धती सुरू केली, तेव्हा बहुतेक आजारांचे मूळ मणक्यात असल्याचा त्यांचा दावा होता. तो टिकला नाही; कंबरदुखीवरील उपयोग मात्र रीतसर तपासला गेला आहे. दक्षिण कॅलिफोर्नियातील ६८१ रुग्णांच्या, २००२ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत वैद्यकीय आणि कायरोप्रॅक्टिक उपचार घेणाऱ्यांत सहा महिन्यांनंतर सांगण्यासारखा फरक आढळला नाही. त्याआधी १९९८ साली सिएटलच्या संशोधकांनी एका गटाला केवळ माहितीपुस्तिका दिली होती. हे रुग्ण मणक्याचे उपचार घेतलेल्यांच्या किंचितच मागे राहिले आणि त्यांचा दोन वर्षांचा उपचारखर्च मात्र जवळपास एकतृतीयांश होता. दहा-दहा बैठकींचे ‘पॅकेज’ आगाऊ विकणाऱ्यांना हा निकाल ठाऊक असावा, अशी अपेक्षा आहे.

डॉक्टरांनीही यावर खूश होण्याचे कारण नाही. नव्याने उद्भवलेल्या कंबरदुखीत पॅरासिटामॉलने आराम लवकर पडत नाही, हे २०१४ साली ऑस्ट्रेलियातील मोठ्या चाचणीत दिसले, आणि अमेरिकेतील फिजिशियनांच्या संघटनेने २०१७ मध्ये गोळ्यांआधी शेक, मालिश किंवा मणक्यावरील हस्तोपचार सुचवले. तरीही आपल्याकडे पहिल्याच भेटीत एमआरआयची चिठ्ठी हातात पडते.

खरा प्रश्न झटक्याआधीच्या तपासणीचा आहे. लघवी अडणे, जांघेत व बैठकीच्या जागी बधिरपणा येणे, पाऊल उचलता न येणे, ताप, विनाकारण वजन घटणे, पूर्वी झालेला कर्करोग, हाडांचा ठिसूळपणा, यांची चौकशी केल्याशिवाय कोणीही मणक्याला हात लावू नये, मग भिंतीवर कोणतेही प्रमाणपत्र टांगलेले असो. यांपैकी पहिली तीन लक्षणे दिसल्यास तर त्याच दिवशी रुग्णालय गाठले पाहिजे.

शिवाय या चित्रफितींत कंबरेच्या रुग्णाची मानही हमखास पिरगाळली जाते. कंबरदुखीसाठी त्याची गरज नाही. क्वचित का होईना, मानेतील रक्तवाहिनी फाटून पक्षाघात झाल्याच्या नोंदी वैद्यकीय साहित्यात आहेत. टेबलावर आडवे होण्यापूर्वीच ‘मानेला हात लावायचा नाही’ असे स्पष्ट सांगावे.

– एक वाचक, सांगली