संवेदक हवेत, प्रयोगशाळाही हवी

प्रदूषके जागेवरच ओळखणाऱ्या प्रतिपिंड-आधारित संवेदकांवरील लेख वाचला. (प्रतिपिंड म्हणजे ठरावीक रेणूला ओळखून चिकटणारे प्रथिन.) त्यामुळे प्रयोगशाळेची गरज संपेल, हा त्यातील निष्कर्ष मात्र पटला नाही. अ‍ॅट्राझिन या तणनाशकासाठी घडवलेले प्रतिपिंड रचनेने जवळच्या प्रोपाझिन या दुसऱ्या तणनाशकालाही चिकटू शकते. मग दिसलेला आकडा नेमका कोणाचा? युरोपीय संघात पिण्याच्या पाण्यातील एखाद्या कीडनाशकाची (यात तणनाशकेही येतात) सर्वसाधारण मर्यादा लिटरला ०.१ मायक्रोग्रॅम आहे. इतक्या सूक्ष्म सीमेवर कारवाई करायची तर क्रोमॅटोग्राफीची, म्हणजे मिश्रणातील घटक वेगळे करून ओळखणाऱ्या प्रयोगशाळेतील तपासणीची, पुष्टी हवीच. या संवेदकांचे खरे मोल वेगळे आहे. जोरदार पावसानंतर शेतातून ओढ्यात उतरणारी तणनाशके अनेकदा काही तासांतच वाहून जातात. ती पकडायला काठावरच, मिनिटांत उत्तर देणारे साधन लागते. संशयित नमुने तिथेच निवडून प्रयोगशाळेत पाठवावेत.