दुतोंड्या मारुतीची सही

भांडी बाजार, नाशिक
श्रावणातला तिसरा सोमवार, रात्री

प्रिय दत्तू,

सप्रेम नमस्कार.

हे पत्र वाचून झालं की चुलीत घाल. दोन हेरांनी परस्पर बोलायचं नाही, जे काय असेल ते चंद्रावरच्या साहेबांमार्फत, हा नियम तुला पाठ आहे. म्हणूनच टपालाने पाठवतोय. आपल्या वरच्या मंडळींना मोबाईलपासून विमानांच्या बिनतारीपर्यंत सगळं ऐकू येतं, पोस्टमनच्या पिशवीला मात्र अजून कुणी कान लावलेला नाही. पाकिटावरचं तिकीट आमच्या नाशिकरोडच्या प्रेसमधलं. बिचारं इथूनच निघालं असेल, कुठून कुठून हिंडून परत आलं आणि आता तुझ्याकडे निघालंय.

नारायणगावात टोमॅटोला काय भाव? मागे एस.टी. स्टँडवर भेटलास तेव्हा फार उतरलेला दिसलास. खोडदला ४५ मीटर व्यासाच्या ३० रेडिओ दुर्बिणी कान टवकारून पल्सार तारे ऐकतात, आपल्याकडे ढुंकूनही बघत नाहीत, एवढंच तू खरं खरं कळवलंस. मुख्यालयाला तो अपमान वाटला आणि तुझी वेतनवाढ अडकली. तेव्हा मी तुला धीर दिला होता. आता माझं ऐक.

माझी २०१९ च्या पुराची नस्ती काल परत आली. हो, २०१९ च्याच.

पहिल्यापासून सांगतो, म्हणजे नीट कळेल. २०१५ च्या सिंहस्थात मला तपोवनात उतरवलं. अंगाला राख, कमरेला लंगोटी. साधुग्रामात एकानेही विचारलं नाही की बाबा, कुठून आलात. उलट चहा दिला. (गुपचूप उतरायला याहून सोयीची जागा अख्ख्या सूर्यमालेत नसेल.) महिन्याभराने राख धुतली आणि भांडी बाजारात काकांच्या दुकानात कामाला लागलो. हुकूम एका ओळीचा होता: या वस्तीला आज्ञा देणारा कोण, ते शोधून कळवा.

वरच्यांचा आधीच एक गोड गैरसमज होता. गुरू सिंह राशीत आला की इथं लाखो माणसं जमून गंगेत बुड्या मारतात आणि आपलं मुख्यालय गुरूच्याच एका चंद्रावर. त्यामुळे तिकडे सगळ्यांच्या छात्या फुगलेल्या, की हे लोक आपल्यालाच मानतात. मी कळवलं की तसं काही नाही, आपल्याला इथं कुत्रं ओळखत नाही. त्यावर लेखापरीक्षकांचा आक्षेप आला: गुरूची प्रदक्षिणा ११.८६ वर्षांची असताना मेळा १२ वर्षांनी का भरतो, फरकाचा खुलासा करावा. २०२७ चा मेळा तोंडावर आला तरी तो खुलासा माझ्या बोकांडी बसलेला आहे.

तर पूर. ४ ऑगस्ट २०१९, रविवार. सकाळपासून धो धो. गंगापूर धरणातून इतके हजार क्युसेक सोडले, तितके हजार सोडणार, असे मेसेज मोबाईलवर येत होते. काकांनी एकही उघडला नाही. छत्री घेतली, गंगेवर दुतोंड्या मारुतीपाशी गेले, थोड्या वेळाने परत आले आणि दारातूनच म्हणाले, "मारुतीच्या कमरेला लागलं."

बस्. एवढंच. समोरच्याने शटर वर केलं, शेजारच्याने हातगाडी आडवी लावली, सराफ बाजाराकडची पोरं धावत आली. कोण कोणाचा साहेब, काही पत्ता नाही. आधी पराती निघाल्या, मग एकात एक बसवलेली पातेली, मग स्टीलचे डबे. काकांच्या आई, वय ऐंशीच्या पुढे, जिन्यात बसून कळशा मोजत होत्या आणि मोजता मोजता शिव्याही देत होत्या.

माझा बिनतारी संच तळघरात, तांब्याच्या जुन्या बंबात. बंबच का, तर आता तो गिऱ्हाईक घेत नाही आणि वरचं नळकांडं अँटेनाला बरं पडतं. हलवायला परवानगी हवी, म्हणून मी संदेश पाठवला. चंद्रापर्यंत तो सव्वा सेकंदात जातो. तिथून गुरूपर्यंत फार तर ५४ मिनिटं, गुरू जवळ असला तर साधारण ३५. म्हणजे दोन तासांत होय की नाही ते कळायला हवं. प्रकाश त्याचं काम चोख करतो रे, अडतं ते टेबलावर. साहेबांनी मुख्यालयाकडे पाठवलंच नाही. स्वतःच शेरा मारला: "संच हलविण्याचे प्रयोजन स्पष्ट होत नाही. पाण्याची उंची कळवावी." मी कळवलं, मारुतीच्या छातीपर्यंत. उलट प्रश्न आला, "कोणत्या तोंडाच्या बाजूने?"

मी तळघराच्या पायरीवर उभा, पोटऱ्या पाण्यात, त्या प्रश्नाचं उत्तर जुळवतोय. एवढ्यात मागून आमचा हमाल ओरडला, "सरक ना भो!" मला कोपराने बाजूला सारून तो खाली उतरला, बंब खांद्यावर घेतला आणि धाडधाड माळ्यावर गेला. बंबाच्या तोटीतून त्याच्या पाठीवर गढूळ पाण्याची धार लागली होती. दोन जगांमधला एकुलता एक दुवा त्याने वर नेऊन लोणच्याच्या बरण्यांशेजारी आदळला आणि बिडी पेटवली. पुढे मारुतीच्या डोक्यावरून पाणी गेलं. आमचं तळघर तुडुंब.

त्या आठवड्यात मी अहवाल लिहिला. दत्तू, तसा अहवाल माझ्या हातून पुन्हा व्हायचा नाही. लिहिलं की या वस्तीला पुरात आज्ञा देणारा कुणी साहेब नाही. नदीत दोन तोंडांचा दगडी मारुती उभा आहे. तो बोलत नाही. पाणी त्याच्या अंगाला कुठं लागलं ते प्रत्येक जण आपल्या डोळ्यांनी बघतो, आपापलं ठरवतो, आणि तरी सगळ्यांचं एकच ठरतं. यातून आपल्यालाही काही घेता येईल, असं एक वाक्य शेवटी घातलं होतं. ते नको होतं घालायला.

विषयाच्या ओळीत "गंगेला पूर" लिहिलं, कारण इथं गोदावरी कोण म्हणतंय? गंगाच म्हणतात. तर नस्ती वाराणसीच्या कक्षाकडे वर्ग झाली. तिथून सुटायला अडीच वर्षं गेली. मग गोदावरी असं दुरुस्त करून पाठवलं, तर नदीचं नाव बदलल्याच्या आदेशाची प्रत मागितली. मधली वर्षं सांगत बसत नाही, तुझंही डोकं दुखेल.

काल शेवटी नस्ती आली, सगळ्यात वर लाल शाईत: "आज्ञा देणाऱ्या अधिकाऱ्याची सही व शिक्का आढळून येत नाही. दोन्ही तोंडांची स्वतंत्र सही घेऊन फेरसादर करावे. संच मंजूर जागेवरून विनापरवाना हलविल्याबद्दल खुलासा करावा व तो तत्काळ मूळ जागी ठेवावा."

ठेवला. काल रात्रीच ठेवला. बंब घेऊन तळघराच्या पायऱ्या उतरताना काकांनी पाहिलं. "श्रावणात खाली नेतोस?" म्हणाले. मी म्हटलं, वर जागा होत नाही. त्यांनी माळ्याकडे पाहिलं, तिथं चार बंब मावतील एवढी जागा होती. माझ्याकडे पाहिलं. काही बोलले नाहीत.

आणि हसू नकोस, पण आज पहाटे मी खरोखर कागद खिशात घालून गंगेवर गेलो. रिमझिम होती, पाणी मारुतीच्या पायाशी. किती वेळ उभा होतो कुणास ठाऊक. फुलवाल्या मावशींनी विचारलं, "काय रे, नवस का?" माझ्या तोंडून निघून गेलं, "सही हवी होती." त्या म्हणाल्या, "मग शनिवारी ये, तेल घेऊन."

मला राग उशिराचा नाही. उशीर इथंही होतो, सातबाऱ्यावर नाव लावायला लोकांच्या चपला झिजतात. पण आपल्याला बघायला पाठवलं होतं. मी बघितलं, चांगलं निरखून बघितलं आणि ते त्यांच्या रकान्यात मावत नाही म्हणून ते घडलंच नाही! त्या हमालाला एका मिनिटात जे कळलं, ते आपल्या अख्ख्या खात्याला इतक्या वर्षांत कळलं नाही. तो तर बंबही रिकामाच समजत होता.

दुपारपासून पावसाचा जोर वाढलाय. चार वाजता संच वर हलविण्यासाठी नव्याने अर्ज केला. साहेब दौऱ्यावर आहेत, असं उत्तर आलं. चंद्रावर कसला दौरा, मला विचारू नकोस. सात वाजता पाणी मारुतीच्या गुडघ्याला होतं. मघाशी काका छत्री घेऊन गेलेत आणि गल्लीतली सगळी शटरं अर्धी उघडी आहेत.

आले. कमरेला लागलं म्हणतात. आई जिन्यात जाऊन बसल्या पण.

थांबवतो. बंब माळ्यावर आहे. पत्र लिहायला बसायच्या आधी मीच नेऊन ठेवला, बरण्यांशेजारी. खुलाशात काय लिहायचं ते तू सुचव, तुझी सरकारी भाषा माझ्यापेक्षा बरी आहे.

तुझा,
वामन

ता. क. उत्तर पाकिटातून पाठव, पोस्टकार्डावर नको. आई सगळी पोस्टकार्डं वाचतात.