फुकटच्या सॉफ्टवेअरचे पैसे कोण देतं?

ती. आई-अण्णांस सा. नमस्कार.

धाकट्याला कॉलेज सांभाळून सॉफ्टवेअर लिहायचं पैशाचं काम घ्यायचंय. ‘पण जे सॉफ्टवेअर फुकट वाटतात त्याचे पैसे याला कोण देणार?’ हा अण्णांचा प्रश्न रास्त आहे. फोनवर नीट सांगता येत नाही, म्हणून लिहिते.

पैसे गूगल देतं. ‘समर ऑफ कोड’ ही त्यांची योजना २००५ पासून चालू आहे. काम मात्र कोड सगळ्यांना खुला ठेवणाऱ्या संस्थेचं, जशी ‘टॉर’, जिचं सॉफ्टवेअर इंटरनेटवर कोण कुणाशी बोलतं ते लपवतं. तपासणारा मेंटॉर, म्हणजे मार्गदर्शकही तिचाच. संस्थांची यादी दरवर्षी बदलते, ती आधी बघायची. वय १८ पूर्ण हवं. अर्जाला फी नाही. कुणी रजिस्ट्रेशनचे पाचशे मागितले तर तो ठग समजा.

टॉर कसं चालतं ते केळीच्या गाडीच्या वाटेनं सांगते. रावेरहून दिल्लीला चिठ्ठी धाडायची, पण कुणी कुणाला धाडली ते वाटेत कळायला नको. मग एकात एक तीन पाकिटं. खंडव्याचा माणूस पहिलं फोडतो: त्याला तुम्ही माहीत, दिल्ली नाही. इटारसीच्याला फक्त मागचा-पुढचा. भोपाळच्याला दिल्ली माहीत, तुम्ही नाही.

पुढचं धाकट्याला वाचून दाखवा. अ‍ॅपनं वेबसाइटचं नाव टॉरला न विचारता थेट इंटरनेट कंपनीला विचारलं, तर तिन्ही पाकिटं वाया. चिठ्ठी झाकली पण पत्ता चौकात विचारला. कर्ल (नेटवरून माहिती आणणारा प्रोग्रॅम) टॉरमार्फत चालवायला त्याला प्रॉक्सी, म्हणजे मधला दुवा, देताना ‘सॉक्स५’ लिहिलं की हेच होतं, ‘सॉक्स५एच’ लिहिलं की नाव टॉरमार्फत शोधलं जातं. दुसरं, बग शोधताना पोरं लॉगमध्ये, म्हणजे प्रोग्रॅमच्या नोंदवहीत, सगळं छापतात आणि वापरणाऱ्याचा आयपी पत्ता (इंटरनेटवरचा त्याचा नंबर) फाइलीत राहून जातो. टॉर मुळातच तिथे पत्त्याऐवजी ‘स्क्रब्ड’ छापतं. टेस्टिंगसाठी ते बंद केलं तर आठवणीनं परत चालू करायचं. आणि एका पॅचमध्ये, म्हणजे कोडातल्या दुरुस्तीत, एकच बदल, सोबत टेस्ट. हजार ओळींचा पॅच तपासायला कुणाला वेळ नसतो, तो पडूनच राहतो.

मध्यम काम १७५ तासांचं, १२ आठवड्यांत, म्हणजे आठवड्याला १५ तास. कॉलेज सांभाळून एवढंच झेपेल. ३५० तासांचं मोठं काम नको. परीक्षा मध्येच येत असेल तर तारखा अर्जातच लिहायच्या. लाइट जाते, म्हणून रोजचं काम रोज पुश करायचं, म्हणजे नेटवर चढवून ठेवायचं.

रक्कम देशाप्रमाणे ठरते. भारतात मध्यम कामाला अलीकडे १५०० डॉलर मिळाले आहेत. ४५ टक्के मधल्या तपासणीनंतर, ५५ शेवटी. मधल्यात नापास झाला तर काम तिथंच थांबतं, म्हणून ते पैसे आधीच ठिबकच्या हिशोबात धरू नका.

एक गोष्ट मात्र घरात होऊ देऊ नका. उत्साहाच्या भरात तो घरच्या वायफायवर ‘एक्झिट रिले’ चालवेल. तो म्हणजे आपला भोपाळवाला. त्यातून दुसऱ्या कुणी काही उद्योग केला तरी आयपी आपल्या घरचा दिसतो, आणि चौकशीला पोलीस अण्णांकडे येतील. टॉरवालेही घरून एक्झिट चालवू नका असंच सांगतात. कोड लिहायला त्याची गरजही नाही.

त्याच्या पॅन कार्डावरचं आणि पासबुकातलं नाव अक्षरन् अक्षर जुळतं का, तेवढं आई, तू बघून ठेव. बाहेरचे पैसे तिथेच अडकतात.

तुमची,
थोरली