गाडी बदलून चालवणारे कोणीतरी हवे

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

प्रकृतीचे आधी उरकतो, म्हणजे वहिनींनी विचारल्यावर तुला सांगायला काहीतरी राहील. रक्तदाब गोळीने आवरला आहे, गुडघे कुरकुरतात, बाकी सर्व ठीक. आता ज्यासाठी पत्र लिहायला घेतले तिकडे वळतो, कारण गेले काही दिवस हा विषय डोक्यातून जात नाही आणि घरात कोणाला सांगितला तर "तुमचे आपले काहीतरीच" यापलीकडे प्रतिसाद मिळत नाही.

परवा धाकटीची स्कूटर मला थोडीशी चालवावी लागली. पहिल्याच वळणावर मागच्या ब्रेकचा लिव्हर दाबला, तर तो मुठीला टेकायच्या बेताला आला आणि त्यानंतर कुठे गाडीला थांबण्याची इच्छा झाली. पुढचा डिस्क ब्रेक पकडत होता, पण बोटांखाली लिबलिबीत लागत होता. हँडल सरळ धरले की मध्यभागी एखाद्या खाचेत बसल्यासारखे अडके. परत येऊन तिला विचारले तेव्हा ती अगदी शांतपणे म्हणाली, "बाबा, ती पहिल्यापासून तशीच आहे."

हे वाक्य ऐकून मला कोणाची आठवण झाली असेल, हे निराळे सांगायला नको. तुझ्या त्या निळ्या गाडीचा क्लच, तिचा हॉर्न, तिचे डावीकडे ओढणे, सगळेच पहिल्यापासून तसेच होते. रविवारी गाड्या बदलून चालवायच्या, हा आपला नियम तू मुळात माझी नवी गाडी हाताळायला मिळावी म्हणून काढला होतास, हे मी आजही विसरलेलो नाही; पण त्या नियमाने आपल्या दोघांच्या गाड्यांची जेवढी दुखणी वेळेत सापडली, तेवढी कोणत्याही सर्व्हिसिंगमध्ये सापडली नाहीत. माझ्या गाडीचा पुढचा शॉकअप बसल्याचे तुला एका खड्ड्यात कळले होते, आणि मी मात्र रोज त्याच खड्ड्यातून जात होतो.

माझ्या काळजीचे मूळ इथेच आहे. गाडी एका दिवसात बिघडली तर माणूस घाबरतो आणि ती दुरुस्तीला नेतो. ब्रेकचे शू, म्हणजे चाकाच्या ड्रमला आतून घासून गाडी थांबवणाऱ्या पट्ट्या, मात्र केसाएवढे झिजतात, लिव्हर रोज केसाएवढा आत येतो आणि हातही रोज केसाएवढा जास्त दाबायला शिकतो. चालवणाऱ्याला फरक जाणवतच नाही, कारण तो स्वतःच त्या फरकाबरोबर बदलत गेलेला असतो. धाकटी खोटे बोलत नव्हती. तिच्या हाताला ती गाडी खरोखरच पहिल्यापासून तशी होती. अचानक कोणी आडवे आले, तर मात्र त्या सवयीच्या हाताजवळ दाबायला पुढे जागाच उरलेली नसेल.

तू म्हणशील, सर्व्हिसिंग होते की नाही? होते, आणि वेळेवर होते. पुस्तिकेत शिक्के आहेत. मी गाडी मेन स्टँडवर लावली, मागच्या चाकाजवळ खाली बसलो आणि ड्रमच्या बाहेर, जिथे ब्रेकचा दांडा बसवलेला असतो, तिथला छोटा बाण पाहिला. ब्रेक दाबून धरला की हा बाण बाजूच्या खुणेच्या अलीकडे राहिला पाहिजे. खुणेला पोहोचला तर शू संपले असे समजायचे. इथे तो खुणेला चिकटला होता, आणि केबलच्या टोकाचा नट इतका आत गेला होता की आणखी आवळायला आटे शिल्लक नव्हते. म्हणजे प्रत्येक सर्व्हिसिंगला कोणीतरी नट आवळून ब्रेक "टाइट" करून दिला आणि आत शू किती उरले आहेत ते पाहिलेच नाही. नट आवळल्याने लिव्हरला जीव येतो, पण शू जाड होत नाहीत. उलट झिजलेल्या शूंना ड्रमपर्यंत पोहोचवण्यासाठी आतला कॅम, म्हणजे शूंना बाहेर ढकलणारा तुकडा, जास्त वळावा लागतो आणि त्या कोनात त्याचा जोर कमी होत जातो. नेमके दुरुस्त केल्यासारखे दिसते म्हणून आजार झाकला जातो, याचा मला अधिक राग आला.

डिस्क ब्रेकचीही हीच गत असते. डिस्कला चिमटीत धरणारे पॅड झिजले की त्यांना ढकलणारा पिस्टन पुढे सरकतो आणि हँडलवरच्या डबीतले ब्रेक ऑइल खाली जाते. कोणी उत्साहाने ते भरून पातळी बरोबर केली, की पॅड झिजल्याची ती बोलकी खूण पुसली जाते. त्यातून हे ऑइल हवेतली ओल शोषून घेते. डॉट ४ प्रतीचे ताजे ऑइल किमान २३० अंश सेल्सियसपर्यंत उकळत नाही, पण ओल शोषल्यावर प्रमाणित केलेली तीच मर्यादा १५५ अंशांपर्यंत उतरते. लांब उतारावर सतत ब्रेक लावून डिस्क तापली आणि ऑइलमध्ये वाफेचे बुडबुडे झाले, तर लिव्हर नुसता दबतो. म्हणून साधारण दर दोन वर्षांनी ते बदलायचे असते, मग गाडी कितीही कमी चालली असो. धाकटीच्या डबीतले ऑइल चहाच्या रंगाचे झाले होते, आणि डबीवर तारीख वगैरे काही लिहिलेली नव्हती.

आता तू नेहमीचे शस्त्र काढशील, ते मीच आधी काढून ठेवतो. १९८१ साली प्रसिद्ध झालेला अमेरिकी संशोधक हॅरी हर्ट यांचा तो अहवाल. लॉस एंजेलिस परिसरातले ९०० मोटरसायकल अपघात जागेवर जाऊन तपासले, आणि त्यांत वाहनातील बिघाडामुळे झालेले अपघात तीन टक्क्यांहूनही कमी निघाले; त्यांतही बहुतेक पंक्चरमुळे तोल गेल्याचे. हा आकडा तू मला इतक्या वेळा ऐकवला आहेस की तो तुझ्याच घरी जन्मला असावा. आकडा खरा आहे. पण त्याच अहवालात असेही आहे की अपघाताच्या क्षणी बहुतेक चालकांनी मागचा ब्रेक गरजेपेक्षा जास्त दाबून चाक घसरवले आणि पुढचा फारच कमी वापरला. हे वाक्य तू कधी उद्धृत केले नाहीस, कारण पुढचा ब्रेक दाबला की माणूस हँडलवरून उडतो, हा तुझा सिद्धांत त्याने कोसळतो. ब्रेक लावताना वजन पुढच्या चाकावर येते आणि मागचे चाक हलके होते, त्यामुळे थांबवण्याचे बहुतेक काम पुढचेच चाक करते. रेतीवर किंवा गाडी झुकलेली असताना तो जपून वापरायचा, एवढी सवलत मी तुला तेव्हाही दिली होती आणि आजही देतो. त्याहून अधिक मिळणार नाही.

शिवाय तीन टक्क्यांच्या त्या हिशोबात मोडलेले धरले जाते, अर्धवट झिजलेले धरले जात नाही, असे माझे मत आहे. दोन हात अंतर कमी पडल्यामुळे झालेला अपघात नोंदताना कोणी "लिव्हर सैल होता" असे लिहीत नाही. "चालकाला वेळेत थांबता आले नाही" असेच लिहिले जाते. हे सिद्ध करायला माझ्याजवळ कागद नाही, आणि वाद घालायला तू इथे नाहीस, म्हणून सध्या हे माझ्या बाजूने निकाली निघाले असे समज.

ब्रेक तपासता तपासता मी अख्खी गाडीच तपासून काढली. हिने दोनदा जेवायला बोलावले, तिसऱ्यांदा बोलावले नाही. पुढचे चाक अधांतरी करून चाकाला धरून ठेवणारे दोन्ही फोर्क खालून धरले आणि पुढेमागे हलवले, तेव्हा खटका लागला नाही. पण हँडल हळूहळू डावीकडून उजवीकडे नेताना मध्यावर ती खाच स्पष्ट लागली. म्हणजे कोनसेटच्या, हँडल ज्यावर फिरते त्या बेअरिंगच्या, वाट्यांत गोळ्यांचे खळगे पडले आहेत. तो आवळून बरा होत नाही, बदलावाच लागतो. स्कूटरची चाके लहान, दहा किंवा बारा इंची, त्यामुळे मोठ्या चाकाला जो खड्डा जाणवतही नाही त्यात हे चाक खोल उतरते आणि तो मार थेट हँडलच्या मुळाशी जातो.

दिव्यांची गोष्ट तुला आवडेल. धाकटी दोन्ही ब्रेक एकदम दाबते, आणि ही चांगली सवय आहे. मी अंधार पडल्यावर गाडीची पाठ भिंतीकडे करून एकेक लिव्हर वेगवेगळा दाबला, तर उजव्याला भिंत लाल झाली आणि डाव्याला झाली नाही. डावीकडचा स्विच कधीचा मेला होता, पण दोन्ही हात एकदम काम करत असल्यामुळे उजव्याने डाव्याचे पाप पोटात घातले. तुझ्या कार्यालयातल्या त्या जोडगोळीची आठवण झाली.

अॅक्सिलरेटर सोडल्यावर मूठ आपोआप झटकन मागे येते का, हे ती पाहते, एवढे कबूल करायला हवे. इंजिन चालू ठेवून हँडल दोन्ही बाजूंना टोकापर्यंत वळवले असता इंजिनाचा आवाज वाढतो का, हे मात्र तिला ठाऊक नव्हते. वाढत असेल तर केबल कुठेतरी ताणली जाते आहे, आणि अशी गाडी अरुंद जागेत वळवताना स्वतःहून पुढे झेपावते. तिची वाढत नाही. इंजिन ऑइल, एअर फिल्टर, प्लग यांबद्दल लिहीत नाही. ती खाती गॅरेजवाले नीट सांभाळतात, कारण ती त्यांच्या यादीत असतात. फक्त मागच्या चाकाच्या गिअरबॉक्सचे ऑइल वेगळे असते, जेमतेम शंभर-सव्वाशे मिलिलिटर, ते बहुतेक सगळे विसरतात. इंजिनाचा जोर मागच्या चाकाकडे नेणाऱ्या बेल्टचे मात्र मला खटकते. बऱ्याच स्कूटरच्या पुस्तिकेत तो बदलण्याचा आकडा वीस ते पंचवीस हजार किलोमीटरच्या आसपास दिलेला असतो. तिची गाडी त्या आकड्याच्या जवळ आली आहे आणि बेल्ट उघडून पाहिल्याची नोंद कुठेच नाही. तो तुटला तर इंजिन गर्जना करते आणि गाडी जागची हलत नाही. हे भर रस्ता ओलांडताना झाले तर काय, असे तिला विचारले, तेव्हा तिने माझ्याकडे तू सासऱ्यांकडे पाहायचास तसे पाहिले.

शू, ब्रेक ऑइल, स्विच आणि कोनसेट बदलून झाले. जुने शू मी मागून घेतले आणि तिच्या हातात दिले. नव्याच्या शेजारी ठेवल्यावर ती प्रथमच काही बोलली नाही. बेल्टसाठी पुढच्या आठवड्यात गाडी टाकायची आहे. पण यामुळे काळजी मिटली असे समजू नकोस. आज लिव्हर दोन बोटे हलला की ब्रेक पकडतो, आणि तिला तो "फारच कडक" वाटतो आहे. महिन्याभरात तो तिच्या हाताला योग्य वाटू लागेल, आणि तिथून पुन्हा रोज केसाएवढे सुरू होईल. मी तपासत राहीन, पण मीही तीच गाडी वारंवार हाताळू लागलो तर माझा हातही फितूर होणार. बाण, भिंत, हवेचा मीटर ही साधने सवयीला बळी पडत नाहीत, म्हणून ती तिला शिकवली. आठवड्यातून एकदा, गाडी थंड असताना हवा मोजायची, कारण चालून आलेल्या टायरमधली हवा तापलेली असते आणि मीटर जास्त दाखवतो. पण हँडलची खाच मोजणारा मीटर नाही. त्यासाठी परका हातच लागतो. तिला मी सुचवले की मैत्रिणीबरोबर अधूनमधून गाडी बदलून घ्यावी. तिने विचारले, "आणि मैत्रिणीच्या गाडीला काही झाले तर?" तुलाही मी नेमके हेच विचारले होते, आणि त्यावर तू जे उत्तर दिले होतेस ते मुलीला सांगण्यासारखे नाही. तुझ्याजवळ दुसरे, सभ्य उत्तर असेल तर पाठव. तिला काकांचे म्हणणे पटते, माझे पटत नाही.

तुझे काय चालले आहे? घराच्या रंगाचे काम संपले का, आणि मुलाच्या बदलीचे काय झाले? वहिनींचा हात आता बरा असेल. निवृत्तीनंतर तू फिरणे कमी केले आहेस असे कळले, म्हणून एक काम सांगतो. मागच्या खेपेला "माझे टायर अगदी नवे आहेत, झिजलेच नाहीत" असे म्हणाला होतास. टायर न चालताही वयाने कडक होतो आणि कडेला बारीक भेगा पडतात. त्याच्या बाजूवर डॉट या अक्षरांच्या ओळीत शेवटी चार आकडे असतात. पहिले दोन म्हणजे आठवडा, पुढचे दोन म्हणजे वर्ष, उदाहरणार्थ २३१९ असेल तर २०१९ सालचा तेविसावा आठवडा. चष्मा लावून दोन्ही टायरांचे आकडे वाच आणि उलट टपाली कळव. वाचून दाखवायला नातवाला बसवलेस तरी चालेल, मात्र आकडे खरे लिही.

तुझा,
मित्र